बाकीचे दोन किलो

दगाआप्पांचं वजन किती होतं हे मला नक्की सांगता येणार नाही, आणि त्याला ते स्वतःच जबाबदार आहेत. बाकी सगळं सांगता येतं. उंची साडेपाच फूट, उजवा कान कामातून गेलेला, डोक्यावर बाराही महिने पांढरी टोपी आणि खिशात एक फडकं. ते फडकं तोंड पुसायला नव्हतं, मशीन पुसायला होतं. तोंड ते शर्टाच्या बाहीला पुसायचे.

मशीन म्हणजे वजनाचं मशीन. रेल्वे स्टेशनवर असायचं तसलं, लाल रंगाचं, माणसापेक्षा वीतभर उंच. वरच्या काचेआड रंगीत दिव्यांची चकती गरगर फिरायची. पायरीवर उभं राहायचं, रुपया टाकायचा, आत खडखड व्हायची आणि खालच्या फटीतून जाड पुठ्ठ्याचं कार्ड बाहेर पडायचं. एका बाजूला कुठल्या तरी नटीचं चित्र, दुसऱ्या बाजूला वजन आणि त्याखाली एका ओळीत तुमचं भविष्य. भविष्याकडे आम्ही कुणी लक्ष देत नसू. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बारा तास उभं राहणाऱ्याला पुढचे बारा तास काय होणार हे ठाऊक असतं.

हे मशीन सुरतेत पर्वत पाटिया नावाच्या भागात, प्रमिलाबाईंच्या खानावळीच्या दारात उभं असायचं. बाई आमच्याच, धुळ्याकडच्या. नवरा वारल्यावर त्यांनी एक गाळा भाड्यानं घेतला आणि भाकरी थापायला सुरुवात केली. आम्ही खानदेशातले तीसेक लूमवाले त्यांच्याकडे दोन वेळ जेवायचो. सकाळी दारात मशीन यायचं, संध्याकाळी चाकांवरून ढकलून आत जायचं, आणि दोन्ही वेळेला आप्पा त्याच्या मागे असे चालायचे की जणू लेकराला चालायला शिकवताहेत.

दगा हे नाव ऐकलं की सुरतेतले व्यापारी जरा सावरून बसायचे. हिंदीत काय, गुजरातीत काय, या शब्दाचा अर्थ काही चांगला नाही. आमच्या खानदेशात मात्र आधीची लेकरं जगली नाहीत तर पुढच्याचं नाव मुद्दाम असं टाकाऊ ठेवतात, म्हणजे कुणाची नजर लागत नाही. आप्पांच्या आईनं तीन लेकरं मातीत दिली होती. चौथा दगा. तो जगला, मिशी फुटली, मिशी पिकली, तरी म्हातारीचा अजून पुरता विश्वास बसला नव्हता. आप्पा पन्नाशी ओलांडून गेले तरी गावाहून येणाऱ्या प्रत्येक पत्रात एकच प्रश्न असायचा, की अंगानं कसा आहेस.

लहानपणी आप्पा गावातल्या किराणा दुकानात कामाला लागले होते आणि दोन महिन्यांत घरी आले होते. गिऱ्हाईक हडकुळं दिसलं की त्यांच्या मापात मूठभर जास्त जायचं. मुद्दाम नाही, हातच तसा आहे, असं ते म्हणायचे. एक दिवस शेटजींनी शेंगदाणे पुन्हा मोजले आणि हातासकट आप्पांना बाहेर काढलं. त्यानंतर सुरत, लूम, बावीस वर्षं खटाखट आणि शेवटी कान. एका बाजूनं ऐकू येईना तेव्हा मुकादम म्हणाला, आता बस करा.

बस करून माणसानं गावी जावं. आप्पा गेले सारंगखेड्याच्या जत्रेत. तिथं इंदूरकडचा एक माणूस वजनाच्या मशीनचं दुकान मांडून बसला होता आणि त्याला या धंद्याचा कंटाळा आला होता. त्याला घोडा हवा होता. आप्पांच्या गाठीला लूमचे पैसे होते आणि त्यांना काहीतरी फिरणारं, लखलखणारं हवं होतं. त्या माणसानं मशीनची किल्ली आप्पांच्या हातावर ठेवली आणि घोडे बघायला निघून गेला. पावती मागायची असते हे आप्पांच्या गावीही नव्हतं. परतीच्या पॅसेंजरमध्ये तपासनीसानं सामानाच्या वजनाप्रमाणे आकार मागितला तेव्हा फजिती झाली, कारण डब्यात वजनाचं मशीन एकच होतं आणि त्याला स्वतःचं वजन करता येईना. शेवटी तपासनीस त्यावर उभा राहिला, कार्ड घेतलं आणि खूष होऊन गेला.

प्रमिलाबाईंशी आप्पांचा करार सरळ होता. मशीन दारात राहील, वीज बाईंची, आणि आप्पा दोन वेळ तिथं जेवतील. लिहिलेलं काही नव्हतं. दोघांनी एकमेकांसमोर मान हलवली, झालं. म्हणजे ते मशीन त्यांचा धंदाही होता आणि ताटही.

आता कार्डाची गोष्ट सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथून निघाला. चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची हाकाटी झाली आणि शहर रातोरात रिकामं झालं, हे सगळ्यांना आठवत असेल. आम्हीही पळालो. दिवाळीनंतर हळूहळू परत आलो, पण गावाकडच्या आयांच्या मनातून सुरत उतरली ती उतरलीच. पत्रात लिहिलं की बरा आहे, तर त्यांना वाटायचं हे दुसऱ्या कुणी लिहून दिलं. तेव्हा आमच्यातल्या भिकननं एक युक्ती केली. त्यानं वजनाचं कार्ड पाकिटात घातलं आणि आईला पाठवलं. गावात मास्तरांनी ते वाचून दाखवलं, आणि म्हातारी महिनाभर गप्प झाली. मग काय, सगळेच पाठवायला लागलो. पोराच्या शब्दावर नसलेला विश्वास छापील आकड्यावर होता. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, आंघोळ करून आम्ही रांगेत उभे राहायचो.

फक्त एकदा काय झालं, की दीपक नावाच्या पोरानं कार्ड हातात घेतलं, आकडा बघितला, आणि तिथंच त्याचे चार तुकडे केले. त्रेचाळीस किलो. त्यानं घरी काही पाठवलंच नाही. दोन महिन्यांनी त्याची आई रडत रडत सुरतेला आली आणि पोराला घेऊन गेली. आप्पा दारात बसून हे बघत होते.

पुढच्या महिन्यात आम्हा सगळ्यांची वजनं दोन दोन किलोनी वाढली. मशीनच्या पाठीला एक भोक होतं, त्यात एक पितळी स्क्रू होता, आणि तो अर्धा फेरा फिरवला की काटा पुढं सरकायचा. आप्पांचा हात तसाच होता. आम्हाला यातलं काडीचं माहीत नव्हतं. आम्ही आपले पोटावर हात फिरवत बाईंना म्हणायचो की तुमच्या हाताला गुण आहे, आणि बाई खाली मान घालून भाकरी उलटायच्या.

सत्त्याण्णव सालच्या आखाजीच्या आधी भानगड झाली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तुमच्याकडे ती सोनाराकडे जाण्याचा दिवस असेल, आमच्याकडे घरी जाण्याचा असतो. खानदेशातला माणूस दिवाळीला एक वेळ नाही गेला तर चालेल, आखाजीला जातोच. आणि जाताना या वेळी प्रत्येकाला ताजं कार्ड हवं होतं.

गाळ्याचे मालक ठाकोरकाका. रांगेतले चार गाळे त्यांचे. पांढरा सफारी, हातात पानाचा डबा, आणि पोट असं की ते आधी यायचं, मग काका. माणूस मनानं वाईट नव्हता, पण डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून चिडचिडा झाला होता. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते भाडं घ्यायला यायचे, मशीनवर उभे राहायचे, कार्ड घ्यायचे आणि त्यांचा चेहरा पडायचा. ते कार्ड घरी सुनेला दाखवावं लागायचं. सून चंचळबेन कडक. आकडा नव्वदच्या खाली येईपर्यंत सुरतेची ती तुपात बुडवलेली घारी बंद, खाजा बंद, तळलेलं बंद. दोन वर्षं झाली, आकडा काही नव्वदच्या खाली येईना. चांदणी पडवा म्हणजे सुरतेत घारी खायचाच सण, असे दोन पडवे काकांनी घारीकडे नुसतं बघून काढले होते. सुरतेच्या माणसाला याहून मोठी शिक्षा कुणी देऊ शकत नाही.

काकांना प्रमिलाबाईंचा गाळा पुतण्यासाठी हवा होता. पुतण्याला साड्यांचं गोडाऊन काढायचं होतं. बाई म्हणाल्या, भाडं वेळेवर देते, सोडणार नाही. एप्रिलच्या शेवटी बाई भाचीच्या साखरपुड्याला एका दिवसासाठी चलथाणला गेल्या, आणि परत येऊन बघतात तर शटरला त्यांच्या कुलुपाशेजारी दुसरं कुलूप लटकलेलं, त्यांच्या दुप्पट मोठं. काकांनी निरोप ठेवला होता की गाळा खाली करून देत असाल तर सामान मिळेल.

प्रमिलाबाई रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी आमच्या खोल्यांवरून दोन स्टोव्ह, एक परात आणि मिळतील ती भांडी गोळा केली, आणि बरोबर शटरसमोर, रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली चूल मांडली. वांग्याच्या भरीताचा वास थेट काकांच्या कुलपापर्यंत जायचा. आम्ही फुटपाथवर पंगत धरून जेवायचो. खरं सांगतो, ते दहा दिवस आम्हाला सहलीसारखे गेले.

आप्पांना नाही. बाई जाताना घाईत मेन स्विच बंद करायला विसरल्या होत्या, त्यामुळे मशीनचे दिवे आत चालूच होते. आप्पा रोज सकाळी यायचे, गुडघ्यावर बसायचे आणि शटरच्या फटीला डोळा लावायचे. लाल, हिरवा, पिवळा. चकती फिरतेय हे बघून त्यांना जरा बरं वाटायचं. मग खिशातलं फडकं काढायचे, आणि आतलं पुसता येत नाही म्हणून बाहेरचं शटर पुसायचे. मालकाच्या कुलपासकट. जेवायला बोलावलं तर यायचे नाहीत. म्हणायचे, मशीन उभं नाही तर मी कुठल्या तोंडानं बसू. बाईंनी दोनदा खडसावलं, तिसऱ्यांदा ताट त्यांच्या मांडीवर नेऊन आदळलं, तेव्हा दोन घास खाल्ले.

आप्पा काकांकडेही जाऊन आले. काका म्हणाले, गाळ्यात आहे ते सगळं बाईचं. मशीन तुमचं असेल तर बिल दाखवा. बिल सारंगखेड्याहून घोड्यावर बसून इंदूरला गेलं होतं. मशीनची किल्ली दाखवली तर काका म्हणाले, असल्या किल्ल्या बाजारात शंभर मिळतात. वर त्यांनी आप्पांचं नाव विचारलं, आणि ते ऐकून नुसते हसले. आखाजी शुक्रवारी होती. बुधवारी सकाळी भंगारवाला येईल आणि गाळा साफ करेल, असं त्यांनी सांगून टाकलं.

आप्पांकडे एक पुरावा होता. जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही अशी त्या मशीनची एक गोष्ट त्यांना माहीत होती. पण ती सांगायची म्हणजे सगळ्यांसमोर सांगायची. तीस पोरं जी कार्डं पाकिटात घालून आयांना पाठवत होती ती खोटी होती, आणि ती खोटी करणारा माणूस रोज त्यांच्याच पंगतीला जेवत होता. मशीन घ्यावं की तोंड वाचवावं, हे त्यांना आठ दिवस ठरवता येईना. पुढं त्यांनी मला सांगितलं, की मला मशीन गेल्याचं इतकं भय नव्हतं जितकं तुम्ही पोरं मला माझ्या नावानं ओळखाल याचं होतं.

बुधवारी सकाळी रात्रपाळीची पोरं सुटून आली होती, दिवसपाळीची निघायची होती, म्हणजे आम्ही सगळेच तिथं होतो. भंगारवाला हातगाडी घेऊन आला. काका आले, त्यांनी आपलं कुलूप काढलं, आणि बाईंचं कुलूप फोडायला भंगारवाल्याला सांगितलं. त्यानं हातोडा काढला, आणि दगाआप्पा उठून शटरला पाठ लावून उभे राहिले. टोपी नीट केली. आवाज मोठाच निघाला, कारण कान गेलेला माणूस हळू बोलूच शकत नाही.

"शेठ, आ मशीन दोन किलो जास्ती बोलता है. मैंने स्क्रू फिराया है. बाहर वजन करो, फिर इसपे करो. दोन का फरक आया तो मशीन मेरा, नहीं तो भंगार में डालो."

आप्पांनी आमच्याकडे बघितलं नाही. मी मात्र आमच्या पोरांकडे बघितलं, आणि प्रत्येक जण मनातल्या मनात वजाबाकी करत होता.

काकांना ही पैज आवडली. दोन गाळे सोडून सुताच्या व्यापाऱ्याकडे मोठा तोलकाटा होता, त्याच्यावर सरकारी शिक्का होता. आता वजन कुणाचं करायचं, तर मी पुढं उभा होतो म्हणून मला धरलं. त्या काट्यावर मी भरलो एक्कावन्न किलो. लोकांनी मला मिरवणुकीसारखं परत आणलं. प्रमिलाबाईंनी कमरेची किल्ली काढून आपलं कुलूप उघडलं, शटर वर गेलं, मशीन आपलं झगमगत उभं. मी चढलो, रुपया टाकला, खडखड झाली. कार्ड काकांनीच उचललं.

पंचावन्न.

"दोन बोला था," काका म्हणाले, "चार निकला. मशीन तेरा होता तो तेरेकू मालूम होता."

आप्पांनी कार्ड हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मशीन गेलं यापेक्षा मशीन आपल्याशी खोटं बोललं याचा त्यांना जास्त धक्का बसला होता. त्यांनी टोपी काढली आणि मशीनच्या पायरीवर बसले. भंगारवाला हातगाडी पुढं घेऊ लागला. मला त्या क्षणी स्वतःच्या वजनाचा इतका राग आला की काय सांगू.

तेवढ्यात प्रमिलाबाई समोरून रस्ता ओलांडून आल्या. कुलूप उघडून त्या परत चुलीकडे गेल्या होत्या, तव्यावर भाकरी होती ना. हातात उलथनं तसंच. त्या आप्पांसमोर उभ्या राहिल्या, पण बोलल्या खाली बघूनच.

"आप्पा, बाकीना दोन मना शेतस."

बाकीचे दोन बाईंचे म्हणजे काय, ते कुणाला कळेना. मग त्यांनी उलथन्याचं टोक मशीनच्या पाठीच्या भोकात घालून दाखवलं, कसं फिरवलं ते. झालं होतं असं, की आप्पांनी स्क्रू फिरवल्यावर वर्षभरानं भिकनच्या आईचं पत्र आलं होतं, की वजन तर नीट दिसतं पण ती खानावळवाली पोटभर वाढते ना? बाईंच्या ते वर्मी लागलं. शिवाय कामरेजच्या वाटेवर दुसरी खानावळ निघाली होती, तिथं तुपाची धार सोडतात असं पोरं बोलायची. बाईंना तुपाची धार परवडत नव्हती. एका दुपारी आप्पा डुलक्या घेत होते, तेव्हा बाईंनी उलथन्यानं अर्धा फेरा दिला. वजन वाढलं, नाव झालं. त्यांना वाटत होतं की ही चोरी जगात त्या एकट्याच करताहेत.

आप्पा बघतच राहिले. एकाच मशीनला दोघांनी फसवलं होतं, आणि दोघंही वर्षभर एकमेकांची नजर चुकवत होते. आधी त्यांच्या खांद्यांना हिसका बसला, मग लक्षात आलं की ते हसताहेत. बाईंनी पदर तोंडाला लावला. आम्ही हसावं की भांडावं या विचारात असतानाच काका पुढं आले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला होता.

"एटले हुं चार किलो ओछो?" म्हणजे मी चार किलोनी कमी आहे, असं ते कुणालाच नव्हे तर स्वतःलाच विचारत होते.

मग आधी त्यांना राग आला, आणि तो राग बघण्यासारखा होता. दोन वर्षांतली प्रत्येक न खाल्लेली वस्तू त्यांनी नाव घेऊन मोजली. घारी, खाजा, पोंकवडा, मामेभावाच्या लग्नातला मोहनथाळ. बोलत बोलतच ते सुताच्या व्यापाऱ्याच्या तोलकाट्यावर जाऊन चढले. अठ्ठ्याऐंशी. त्यांनी उतरून पुन्हा चढून बघितलं. अठ्ठ्याऐंशीच. व्यापाऱ्याकडून एक कागद घेऊन त्यांनी आकडा लिहून घेतला, सही घेतली, आणि त्या कागदाची अशी घडी केली की जणू कोर्टाचा निकाल असावा. राग कुठल्या कुठं गेला.

मशीन आप्पांचंच हे आता कुणी विचारायचं राहिलं नव्हतं. इतकी लाज स्वतःहून चव्हाट्यावर मांडणारा माणूस मालकच असणार, असं काका म्हणाले. भंगारवाल्याला त्यांनी परत पाठवलं आणि मोठं कुलूप सफारीच्या खिशात टाकलं. मग रस्ता ओलांडून लिंबाखाली आमच्या पंगतीत मांडी घालायचा प्रयत्न केला, ती जमेना म्हणून पालथ्या बादलीवर बसले, आणि भरीत-भाकरी मागितली. वरून तेल सोडायला सांगितलं. पुतण्याला त्यांनी पुढं पलीकडच्या रांगेत दुसरा गाळा बघून दिला, बाईंनी भाडं थोडं वाढवून दिलं, आणि ते प्रकरण तिथं मिटलं. चंचळबेननी नंतर येऊन बाईंना काय सुनावलं ते मात्र मी लिहिणार नाही.

पण आमचं राहिलंच होतं. आप्पांनी मशीन ढकलत दारात आणलं, फडक्यानं पुसलं, आणि सगळ्यांसमोर स्क्रू उलटा फिरवला. मला पुन्हा वर उभं केलं. एक्कावन्न. आता बरोबर झालं, असं ते म्हणाले, आणि हात जोडले. तोंडानं माफी मागितली नाही, त्यांना ते शब्द येत नव्हते. हात मात्र बराच वेळ जोडलेले होते.

पहिला भिकन चढला. त्याला दुपारची गाडी होती. कार्ड आलं, सत्तेचाळीस. गेल्या महिन्यात एक्कावन्न होते. त्यानं कार्डाकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं, आणि कार्ड मशीनवरच ठेवून दिलं.

"आप्पा, मन्ही मायनी हाई कार्ड दखं ते ती माले परत येऊ देवाव नही."

हे कार्ड बघितलं तर माय परत सुरतेला येऊ देणार नाही, हे रांगेतल्या प्रत्येकाला लागू होतं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दीपक आणि त्याची रडणारी आई होती. आप्पांनी विचारलं, "मंग कितला वाढाऊ?"

"जितला व्हतात तितला," भिकन म्हणाला.

आप्पांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी उलथनं पुढं केलं. अर्धा फेरा आप्पांनी दिला, अर्धा बाईंनी. मग रांग पुढं सरकली, खडखड खडखड कार्डं पडत राहिली, आणि तीस धडधाकट पोरं आपापलं खोटं वजन खिशात घालून आखाजीला निघाली. मला आजवर इतकी राजीखुशीची फसवणूक बघायला मिळालेली नाही.

सगळे झाल्यावर आप्पांनी खिशातून रुपया काढला. मशीनची किल्ली त्यांच्याच करगोट्याला होती, तरी रुपया टाकला. पायरीवर ताठ उभे राहिले, छाती जरा फुगवली. कार्ड आलं, ते त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बासष्ट," मला म्हणाले. ज्या माणसानं पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या हातानं स्क्रू फिरवला तो खरोखर खूष झाला होता. या वर्षी कुलपाचा भरवसा नाही म्हणून ते गावी येणार नव्हते. कार्ड पाकिटात घालून त्यांनी माझ्याकडे दिलं. माझं गाव त्यांच्या गावापासून दोन कोसांवर.

आखाजीच्या दिवशी सकाळी मी ते द्यायला गेलो. म्हातारी ओट्यावर बसली होती. ऐंशीच्या वर वय, डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. तिनं कार्ड हातात घेतलं, त्याच्या कडांवरून अंगठा फिरवला, नटीच्या चित्रावरून फिरवला, आणि आकडा विचारला. मी सांगितला, बासष्ट.

"मशीन त्यानंच शे ना?" तिनं विचारलं. मी म्हणालो, हो, त्याचंच. "मंग दोन किलो कमी धर," ती म्हणाली, आणि कार्ड उशीखालच्या बाकीच्या कार्डांत नीट लावून ठेवलं. साठ म्हणजे चांगलंच की, असं पुटपुटत ती मला जेवायला बस म्हणाली.

पुरणपोळी होती, आंब्याचा रस होता. मी पोटभर जेवलो आणि बाकीच्या दोन किलोंबद्दल काही बोललो नाही.